तीनशे शब्दांचा निबंध आणि 'एकच प्याला'

१८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात 'निबंधमाला' सुरू केली. बरोबर दीडशे वर्षांनी, २०२४ च्या मे महिन्यात, निबंध हा वाङ्मयप्रकार पुन्हा पुण्यातूनच देशभर गाजला. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. दोघंही गेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये बसून आला होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला. अटींमध्ये एक अट अशी होती की, त्यानं रस्ते अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मीम आली, रील्स आल्या, अपघाताच्या जागी उपरोधानं निबंधस्पर्धाही भरवली गेली. जामीन रद्द झाला, मुलगा निरीक्षणगृहात गेला, महिनाभरानं उच्च न्यायालयाच्या आदेशानं बाहेर आला. आणि जुलैमध्ये त्यानं तो निबंध खरोखरच सादर केला, अशी बातमी आली. तोवर आपण सगळे दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर चिडलो होतो.

मी साहित्यावर लिहितो, कायद्यावर नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात अडकून राहिला तो निबंधच. त्यात काय लिहिलं होतं हे कुणी छापलेलं नाही, पण मी तो वाचल्यासारखाच आहे. तुम्हीही वाचला आहे. कारण आपण सगळ्यांनी तो लिहिलेला आहे.

आम्हाला आठवीत 'दारूचे दुष्परिणाम' हा निबंध होता. बाईंनी फळ्यावर मुद्दे दिले होते: प्रस्तावना, शरीरावर परिणाम, कुटुंबावर परिणाम, समाजावर परिणाम, उपसंहार. प्रस्तावनेत दारू हा शाप आहे हे आलं पाहिजे आणि उपसंहारात शपथ. माझ्या मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचा बाप रोज संध्याकाळी कुठे पडलेला असतो हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं आणि त्याला उचलून घरी आणायचं काम या पोराकडे होतं. त्यानंही तेच पाच परिच्छेद लिहिले. यकृत, संसार, समाज. दहापैकी सात मार्क मिळाले. दारूबद्दल त्या वर्गात सगळ्यांत जास्त कळत होतं त्याला, बाईंपेक्षाही जास्त, पण त्या निबंधात त्याला माहीत असलेली एकही गोष्ट मावत नव्हती.

या प्रकाराचं वैशिष्ट्यच ते आहे. त्यात माणूस नसतो. कुणी कुणाला ग्लास भरून देत नाही, कुणी कुणाला सोडायला जात नाही, कुणी खोटं बोलत नाही. 'दारू' हीच कर्ता असते आणि तीच सगळं करते. म्हणून न्यायमंडळाची ती अट मला विनोदी वाटण्याआधी ओळखीची वाटली. दारू आणि मूल एकत्र आले की, मोठ्या माणसांना मराठीत सुचते ती पहिली गोष्ट हीच आहे. निबंध लिही, पोस्टर रंगव, प्रभातफेरी काढ. दोन ऑक्टोबरला घोषणा दे आणि एकतीस डिसेंबरला चौकात उभं राहून 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत दूध वाट. (दूधवाटपाची टर उडवायचा माझा हेतू नाही. त्या थंडीत रात्री चौकात उभं राहणारी माणसं मनापासून उभी असतात.)

०००

मग कायदा काय म्हणतो? तो निबंधापेक्षा जास्त गमतीशीर आहे.

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वय २१, व्हिस्की-रम वगैरेंसाठी २५. गोव्यात १८. म्हणजे बांद्यापुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की, व्हिस्कीपुरता माणूस एका क्षणात सात वर्षांनी मोठा होतो. कॉलेजच्या मुलांची गोव्याची ट्रिप नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षालाच का ठरते, याचं एक उत्तर समुद्र हे आहे, आणि दुसरं हे.

पण वयाचा आकडा ही त्या कायद्यातली वरची गोष्ट झाली. खाली जो कायदा आहे त्याचं नाव आजही दारूबंदीचं आहे: १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. तो कायदा कधी रद्द झाला नाही. त्यावर परवान्यांची ठिगळं लावत आपण इथवर आलो. त्यामुळे कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायची, तर प्रत्येकाला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना आणि देशीसाठी दोन रुपयांना मिळतो, कायमचा हजारात. आणि हा परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! सरकारच्या लेखी या राज्यात मजेसाठी, दुःखासाठी किंवा मित्राला प्रमोशन मिळालं म्हणून कुणीच पीत नाही. शुक्रवारी रात्री बाणेर आणि अंधेरीत भरलेली टेबलं ही औषध घ्यायला आलेल्या रुग्णांची असतात.

'रेस्टॉरंट अँड परमिट रूम' अशी पाटी तुम्ही हजार वेळा वाचली असेल. त्यातलं 'परमिट' म्हणजे हे. एक मजकूर म्हणून पाहिलं तर ती पाटी मला फार प्रामाणिक वाटते. आत काय चालतं ते ती सांगत नाही, आत जे चालतं त्याला परवानगी आहे एवढंच सांगते. तिच्या शेजारी बहुधा दुसरी पाटी असते: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. या भाषेत दारू चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. ती मान्य की अमान्य, एवढंच.

मी पुण्यात हॉस्टेलवर राहिलो. त्या तीन वर्षांत वाइन शॉपच्या जाळीमागच्या माणसानं आमच्यापैकी कुणालाही वय विचारलेलं मी ऐकलं नाही. "सुट्टे आहेत का?" हा एकच प्रश्न तो विचारायचा. मिसरूड न फुटलेल्या मुलालाही तोच, पेन्शनरलाही तोच. तिथे सगळे समान होते.

वयाच्या अटीला अर्थ नाही, असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेनं १९८४ मध्ये केंद्रीय कायदा करून राज्यांना २१ चं वय पाळायला लावलं, न पाळणाऱ्यांचा महामार्गांचा निधी कापायची तरतूद केली. त्यामागे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या तरुणांचे आणि त्यांच्या समोर आलेल्यांचे मृत्यू होते. सतराव्या वर्षी मेंदूची घडण चालूच असते, धोका जोखणारा भाग सगळ्यांत शेवटी पिकतो, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. पण तो आकडा पाळायचा आहे असं किमान आकडा लिहिणाऱ्याला वाटायला हवं. मूळ कायदा म्हणतो कुणीच पिऊ नये, नियम म्हणतो पंचविशीनंतर प्या, परवाना म्हणतो तब्येतीसाठी प्या, आणि दुकानदार म्हणतो सुट्टे द्या. या चौघांतला खरा आवाज कुणाचा, हे ओळखायला सतरा वर्षांच्या मुलाला फार अक्कल लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला त्या आठवड्यापासून टोचते आहे. दुचाकीवरचे ते दोघं मध्य प्रदेशातून पुण्यात येऊन नोकरी करणारे अभियंते होते. दोघांचंही वय २४. म्हणजे व्हिस्कीपुरतं बोलायचं तर आपल्या कायद्याच्या हिशेबात तेही लहानच. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली ती माणसं आणि दोन कोटींच्या आसपासची गाडी हाकणारा तो मुलगा, हे तिघंही पंचवीसच्या रेषेच्या एकाच बाजूला येतात. ज्या रेषेला हे तिघं सारखे दिसतात, ती रेषा नक्की काय मोजते?

०००

आता गडकऱ्यांकडे. तुमच्यापैकी अनेकांनी 'एकच प्याला' वाचलेलं नसेल, पण नाव ऐकलं असेल, आणि 'तळीराम' हा शब्द तर बातम्यांत दर एकतीस डिसेंबरला येतोच. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगमंचावर आणलं. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. शंभर वर्षं उलटून गेली तरी दारूबद्दल मराठी माणूस जे बोलतो त्यातलं बरंचसं या नाटकातून आलेलं आहे. न वाचणाऱ्यांच्या तोंडीसुद्धा.

थोडक्यात गोष्ट अशी: सुधाकर हा हुशार, मानी वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते. अपमानानं तळमळणाऱ्या या माणसाला त्याचाच कारकून तळीराम पहिला प्याला देतो. मग दुसरा, मग संसार विकला जातो, बायको दळण दळते, आणि शेवटी नशेत सुधाकराच्या हातून स्वतःचं तान्हं मूल मरतं, सिंधू मरते, तोही विष घेतो.

यातल्या तीन गोष्टी मी पुण्याच्या घटनेनंतर वेगळ्या नजरेनं वाचल्या.

नावातलं गणित ही त्यातली पहिली. एक प्याला म्हणजे सर्वनाश, ही या नाटकाची धमकी आहे. गडकऱ्यांनी ती कमालीच्या ताकदीनं रंगवली आहे आणि सुधाकरासारख्या माणसाच्या बाबतीत ती खरीही आहे. पण आपण तीच धमकी सरसकट सगळ्या मुलांना देत आलो. आणि सतरा वर्षांच्या मुलाचा अनुभव काय असतो? तो ट्रेकला जातो, किंवा मित्राच्या भावाच्या लग्नात गच्चीवर जातो, प्लास्टिकच्या ग्लासातून एक कडवट घोट घेतो. काही होत नाही. डोकं जरा हलकं होतं, सकाळी तो क्लासला जातो. संसार विकला गेलेला नसतो. त्या सकाळी त्याच्या मनात फक्त 'एक प्याला'चं भय मोडत नाही. मोठ्या माणसांनी दारूबद्दल सांगितलेलं सगळंच त्याबरोबर खोटं ठरतं. ज्यात काही खरं होतं तेही. गाडीला हात लावू नको, उपाशीपोटी पिऊ नको, शेजारी झोपलेला मित्र उलटी करून गुदमरतोय का बघ, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कारण पहिल्या प्याल्यापाशीच गोष्ट संपवायची, असं आपण ठरवलेलं असतं.

दुसरी गोष्ट भगीरथाची. तुम्ही म्हणाल, कोण भगीरथ? तेच तर. 'एकच प्याला'त एक तरुण आहे, प्रेमभंग होऊन दारूकडे वळलेला, तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात येऊन बसणारा. रामलाल त्याच्याशी बोलतो, त्याला कामाला लावतो आणि हा पोरगा दारू सोडतो. सोडतो म्हणजे सोडतोच. त्याच नाटकात, त्याच प्याल्याच्या पलीकडे, एक माणूस जिवंत आणि शहाणा उभा आहे. पण सुधाकर शोकांतिकेचा नायक झाला, तळीराम म्हण झाला आणि भगीरथाला कुणी लक्षात ठेवलं नाही. यात गडकऱ्यांचाही थोडा हात आहे. सुधाकराच्या वाक्यांना जी वीज आहे आणि तळीरामाच्या कोट्यांना जी धार आहे, ती भगीरथाच्या वाट्याला आलेली नाही. तो आदर्शाची भाषा बोलतो आणि आदर्शाची भाषा बोलणाऱ्याकडे प्रेक्षक घड्याळ बघत ऐकतो. तरीही मला वाटतं, नाटकातल्या सगळ्या पिणाऱ्यांत आजच्या वीस-बावीस वर्षांच्या वाचकाच्या सगळ्यांत जवळचा तोच आहे. कारण तो तरुण आहे, कारण त्याचं कारण साधं आहे, आणि त्याला कुणीतरी वेळेवर भेटलं म्हणून तो वाचला.

तिसरी गोष्ट सांगायला मला जड जातं, कारण सिंधू माझ्या आजीची लाडकी होती. मूल गेलेलं आहे, स्वतः मरणाच्या दारात आहे, पोलीस आलेले आहेत. आणि सिंधू नवऱ्याला वाचवणारा जबाब देते. मरता मरता खोटं बोलते. या प्रसंगाला मराठी प्रेक्षक पिढ्यानपिढ्या रडला आहे. रडावं असाच तो लिहिला आहे. पण आज वाचताना मला विचारावंसं वाटतं, आपण रडतो ते कुणासाठी? सिंधूसाठी, आणि थोडं सुधाकरासाठीसुद्धा. त्या पोरासाठी फारसं कुणी रडत नाही. ते मूल नाटकात मरण्यापुरतंच आहे.

गडकऱ्यांना हे दिसत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी सिंधूच्या शेजारी तळीरामाची बायको गीता उभी केली आहे, जी नवऱ्याला तोंडावर बोलते, सोसत बसत नाही. पण गीतेला त्यांनी हशा दिला आणि सिंधूला अश्रू. मराठी घरानं सिंधू उचलली. पिणाऱ्याला पाठीशी घालणं, चार लोकांत झाकणं, 'त्याला बरं नाहीये' म्हणून ऑफिसला फोन करणं, याला आपण घरपण म्हणत आलो.

आता पुण्यातला पुढचा अंक आठवा. पोलिसांच्या आरोपानुसार चालकावर दबाव आणला गेला, 'गाडी मी चालवत होतो' असं त्यानं म्हणावं म्हणून. ससूनमध्ये मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला आणि त्याच्या जागी आईचं रक्त ठेवलं गेलं. वडील, आजोबा, आई, डॉक्टर, सगळ्यांना अटक झाली. हे आरोप आहेत, ते सिद्ध व्हायचे आहेत. पण आरोप म्हणून वाचतानाही अंगावर काटा येतो. सिंधूनं शब्द दिला होता. इथे, खरं असेल तर, रक्त दिलं गेलं. सिंधूकडे काहीच नव्हतं आणि या घराकडे सगळं होतं, त्यामुळे दोघांना एका पारड्यात घालता येणार नाही. सिंधूचं खोटं हे हतबल बाईचं खोटं आहे. तरी त्या नाटकाला रडणारे आपण या घराबद्दल 'असली कसली माणसं' म्हणतो, तेव्हा मला जरा थांबावंसं वाटतं. आपल्याला ती पूर्णपणे अनोळखी आहेत का?

आणि गंमत म्हणजे, नेमक्या याच जागी कायद्याची भाषा निबंधाच्या भाषेपेक्षा कितीतरी चांगली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं ७७ वं कलम वाचा. मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेलं १९९-अ कलम म्हणतं, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. या वाक्यांत दारू कर्ता नाही. देणारा आहे, चावी ठेवणारा आहे. पंचवीसच्या आकड्यात जे नाही ते या दोन कलमांत आहे: हातात ग्लास आला कुठून, हा प्रश्न. या हिशेबानं तळीराम गुन्हेगार ठरतो. आपल्या रंगभूमीवर तो शंभर वर्षं टाळ्या घेतोय.

०००

गडकऱ्यांच्या धमकीला कंटाळलेल्या पिढीनं दुसरं टोक गाठलं, त्याचं नाव 'दुनियादारी'. सुहास शिरवळकरांची कादंबरी १९८२ ची, संजय जाधवांचा सिनेमा २०१३ चा. मी ज्या वयात तो पाहिला त्या वयात मला दिग्या व्हायचं होतं. सिनेमा परत बघितला तर कळतं की, त्यात दारू एका गोष्टीचा दाखला म्हणून येते: याचं मन खोल आहे. बारमध्ये बसलेला एम. के. श्रोत्री पितो कारण त्यानं प्रेम केलंय, आणि कॉलेजातला श्रेयस त्याच्यासमोर बसून जीवनाचं ज्ञान घेतो. सुधाकराच्या हातात प्याला आला की प्रेक्षकाला भीती वाटते. एम. के.च्या हातात आला की आदर वाटतो. बाकी दोघांत फरक कमी आहे. दोन्हीकडे पिणारा माणूस न पिणाऱ्यांपेक्षा जास्त संवेदनशील, जास्त रसिक, जास्त बोलका आहे. पहिला प्याला घेणाऱ्या पोराला हवं असतं ते नेमकं हेच. चव कुणाला आवडते पहिल्या दिवशी?

यापेक्षा वेगळं काही मराठीत आहे का, असं विचाराल तर आहे, आणि ते आपण दारूबद्दलचं साहित्य म्हणून वाचतच नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. कावाखान्यातला तो पिणारा बाप मुलाच्या नजरेतून दिसतो. त्या नजरेत शाप वगैरे शब्द नाहीत, उदात्त दुःख तर अजिबात नाही. राग आहे, माया आहे, लाज आहे आणि या सगळ्यांच्या मध्ये पगाराचा दिवस आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त तर घरातच दारू विकली जाते. तिथे मुलाचं आणि दारूचं नातं वयाच्या आकड्यानं सुरू होत नाही. दारू हे भाकरीचं साधन आहे, गिऱ्हाईक दारात आहे आणि पोरगं अभ्यासाला बसलंय. ज्या पोराला बाप 'जा, नवटाक घेऊन ये' म्हणून चिल्लर देऊन पाठवतो, त्याला अठरा-एकवीस-पंचवीस हे आकडे कुठल्या ग्रहावरचे वाटत असतील?

इथे भाषेचीही एक गंमत आहे, कडू गंमत. पुण्याच्या त्या मुलाला पेपरांनी 'धनिकपुत्र' म्हटलं, 'दिवटा' म्हटलं, 'लाडावलेला' म्हटलं, पण बातमीच्या मजकुरात तो शेवटपर्यंत 'अल्पवयीन' राहिला. कायद्यानं तसं लिहिणं बरोबरच आहे. पुढे, २०२५ च्या जुलैमध्ये, त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानं फेटाळली, तेव्हाही ग्रुपवर सगळे संतापले आणि मी संतापलो नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मूल म्हणायचं, हे आपण एक समाज म्हणून ठरवलं आहे आणि श्रीमंताच्या पोराच्या वेळी ते मोडायचं असेल, तर गरिबाच्या पोराच्या वेळी ते कधीच टिकणार नाही. मला सलतं ते वेगळंच. हातभट्टीजवळ सापडलेल्या, किंवा पुलाखाली झिंगून पडलेल्या सतरा वर्षांच्या पोराला आपण 'अल्पवयीन' म्हणतो का? त्याला 'बेवडा' म्हणतो. 'हा काय, बापावर गेलाय' म्हणतो. अल्पवयीन हा शब्दही परवान्यासारखाच आहे, सगळ्यांना मिळत नाही.

०००

अनिल अवचटांकडे मी या सगळ्यानंतर परत गेलो. १९८६ मध्ये सुनंदा अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. आधी गर्दच्या विळख्यातली मुलं, मग दारूचे रुग्ण. अवचटांनी त्यावर 'गर्द' लिहिलं, पुढे 'मुक्तांगणची गोष्ट' लिहिलं. अवचटांच्या गद्याला काही लोक साधं म्हणून बाजूला ठेवतात. मला ते या विषयावरचं मराठीतलं सगळ्यांत अवघड गद्य वाटतं, कारण त्यात घाबरवायची आणि डोक्यावर घ्यायची, या दोन्ही सोयी त्यांनी सोडून दिल्या आहेत. माणूस समोर बसतो, ते विचारतात, तो सांगतो. मग पुढे काय झालं? मग तू काय केलंस? बायको काय म्हणाली? एवढंच. रामलालनं भगीरथाशी जे केलं तेच, फक्त भाषण वजा करून. वाचताना कळतं की, पिणाऱ्याबद्दल कणव बाळगता येते आणि त्याच वेळी त्यानं काय केलं हे स्पष्ट विचारताही येतं.

अवचटांची तक्रार एकच करता येईल, आणि ती खरं तर त्यांची नाही. त्यांच्याकडे माणूस येतो तेव्हा बरंच काही घडून गेलेलं असतं. त्याआधीची गोष्ट, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या-पाचव्या वेळेची, जेव्हा कुणी व्यसनी नसतं आणि कुणी नायकही नसतं, ती आपल्याकडे लिहिलीच गेलेली नाही. मराठीत पौगंडावस्थेवर चांगलं लिहिलं गेलंय. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'नं नववीतल्या मुलांचं प्रेम, मैत्री, चोरटेपणा सगळं आपल्याला दिलं. दारूच्या बाबतीत तेवढ्या शांतपणे कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

मला जी गोष्ट वाचायची आहे ती फार मोठी नाही. बारावीतला मुलगा किंवा मुलगी, एका मित्राचा फ्लॅट, रात्रीचे साडेबारा. सगळ्यांनी घेतलेली आहे. ज्याच्याकडे गाडीची चावी आहे तो म्हणतोय, चल, सोडतो. हिला माहीत आहे की, गाडीत बसायचं नाही. घरी फोन लावायचा, तर पप्पा आधी विचारणार, 'कुठे आहेस' नाही, 'कुणाबरोबर आहेस'. मग आईचा रडका आवाज, मग उद्यापासून क्लास बंद, फोन जप्त, गावाकडच्या काकांपर्यंत बातमी. फोन हातात आहे, आईचं नाव स्क्रीनवर आहे. आणि खाली कुणीतरी गाडी सुरू केली आहे.

या प्रसंगात कुठलाच कायदा तिच्या बाजूला उभा नाही, कारण कायद्यानुसार ती तिथे असायलाच नको होती. 'एकच प्याला'ही तिच्या कामाचं नाही, कारण त्या हिशेबानं ती आधीच बुडालेली आहे. 'दुनियादारी' तिला म्हणेल, बस गाडीत, दोस्तीत असं नाही करायचं. ती फोन करते की नाही, केला तर पलीकडून पहिलं वाक्य काय येतं, ते वाक्य ऐकून ती रिक्षा शोधते की जिन्यात बसून राहते, एवढीच ती गोष्ट. कुणी लिहायला घेतली तर तीनशे शब्द पुरणार नाहीत, पण मला पाठवा, मी वाचेन.